‘वडील’ कोण निवडतो? स्कॉटलंडच्या पाद्र्यांची चोपडी आणि आपल्या विहाराची वही

नात्याने आमचे लांबचे मामा लागणारे एक वृद्ध गृहस्थ भुसावळला राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले, आता डोळ्यांनी कमी दिसते, पण वाचन सुटलेले नाही. मामांच्या आजोबांनी छप्पनच्या दुष्काळानंतर, म्हणजे १८९९-१९०० च्या त्या भयंकर काळानंतर, मिशनच्या पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेतला. आमचे आजोबा महारवाड्यातच राहिले आणि पुढे १९५६ नंतर बौद्ध झाले. घराणे एक, गल्ली एक. मात्र दोन आजोबांनी दोन दारे उघडली. त्या मामांनी गेल्या वर्षी आम्हाला एक जुनी चोपडी वाचायला दिली. तिच्यात ख्रिस्ती मंडळीचा कारभार कसा चालावा, मंडळीचे ‘वडील’ कसे निवडावे, त्यांना जाब कसा विचारावा याचे नियम होते. चोपडी आमच्या हाती ठेवताना मामांनी सहज विचारले, “भाचेसाहेब, तुमच्या विहाराच्या कमिटीची निवडणूक शेवटची कधी झाली?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या प्रश्नापायी हा लेख लिहावा लागला.

आंबेडकरी दैनिकाच्या पानावर स्कॉटलंडच्या पाद्र्यांचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. आमचे म्हणणे असे की, ज्या शाळेत जोतीराव फुले १८४१ ते १८४७ च्या दरम्यान इंग्रजी शिकले ती पुण्याची शाळा याच पाद्र्यांची होती. तेव्हा त्यांची पुस्तके काय सांगत होती आणि त्यांचे हात काय करीत होते, हे तपासण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो आधी आपल्याला आहे.

ही मंडळी ‘प्रेस्बिटेरियन’ म्हणून ओळखली जातात. ग्रीक भाषेत प्रेस्बुतेरोस म्हणजे वडीलधारा माणूस. या पंथाचा मुख्य आग्रह असा की चर्चमध्ये बिशप नको, पोप नको, राजाने नेमलेला धर्माधिकारी तर नकोच. लोकांनी निवडलेले वडील आणि पाळक यांनी बरोबरीने बसून कारभार करावा. गावच्या मंडळीची एक सभा, त्यावर विभागाची ‘प्रेस्बिटेरी’, त्यावर ‘सिनड’ आणि सर्वांत वर ‘जनरल असेंब्ली’. खालच्या सभेचा निर्णय पटला नाही तर वरच्या सभेकडे दाद मागायची. १५६० मध्ये जॉन नॉक्स आणि त्याच्या सोबत्यांनी स्कॉटलंडसाठी जी शिस्तीची संहिता लिहिली तिच्यात दोन गोष्टी होत्या. पाळक लोकांनी निवडावा ही पहिली, आणि प्रत्येक गावात शाळा असावी ही दुसरी. शाळांना पैसा जुन्या चर्चच्या जमिनींमधून यायचा होता. सरदार-जमीनदारांनी धर्मसुधारणा आनंदाने मान्य केली, जमिनी मात्र सोडल्या नाहीत. (आपल्याकडच्या वतनदारांची आठवण कोणाला झाली तर आमचा नाइलाज आहे.) पुढे १६४३ पासून लंडनला वेस्टमिन्स्टर येथे मोठी धर्मसभा भरली आणि श्रद्धेचा कबुलीजबाब, प्रश्नोत्तरी, कारभाराचा नमुना अशी या पंथाची सगळी कागदपत्रे तिथे तयार झाली. माणसाच्या सद्सद्विवेकावर देवाखेरीज कोणाचाही हुकूम चालत नाही, असे तत्त्व त्या कबुलीजबाबात लिहिले आहे. ज्या काळात आपल्याकडे मनुस्मृतीच्या नावाने माणसाची सावली मोजली जात होती, त्या काळात हे लिहिले गेले, हे मान्य केले पाहिजे.

पण लिहिलेले तत्त्व पाळण्याची पाळी आली की माणसाची खरी ओळख पटते. १७१२ च्या कायद्याने पाळक नेमण्याचा अधिकार पुन्हा जमीनदारांकडे गेला. १८३४ मध्ये औख्टरार्डर नावाच्या गावात जमीनदाराने रॉबर्ट यंग नावाचा पाळक लादला. त्याच्या बाजूने गावातल्या फक्त दोघांनी सही केली आणि जवळजवळ तीनशे कुटुंबप्रमुखांनी विरोध नोंदवला. कोर्टाने निकाल दिला जमीनदाराच्या बाजूने. मग १८ मे १८४३ रोजी एडिंबरोला थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली पाळकांचा मोठा गट असेंब्लीतून उठून चालत बाहेर पडला. एकूण ४७४ पाळकांनी सरकारी चर्च सोडले. पगार सोडला, राहती घरे सोडली, आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केले. हिंदुस्थानात काम करणारे स्कॉटिश मिशनरीही त्यांच्याबरोबर गेले. मुंबईचे जॉन विल्सन गेले, पुण्याचे जेम्स मिचेल गेले. म्हणजे जोतीराव शाळेत असतानाच ती शाळा फ्री चर्चची झाली. लोकांनी निवडलेला नसेल तर आम्हाला पाळक नको, या एका मुद्द्यावर घरदार सोडणारी माणसे त्या शाळेच्या पाठीशी होती. याचे मोल आम्ही कमी करणार नाही.

आता याच फ्री चर्चची दुसरी बाजू पाहू. आपल्या वाचकांनी ती नीट लक्षात ठेवावी अशी आमची विनंती आहे.

घरदार सोडलेल्या पाळकांना देवळे बांधायला पैसा हवा होता. फ्री चर्चचे प्रतिनिधी १८४३-४४ मध्ये अमेरिकेला गेले. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी त्यांना देणग्या दिल्या. त्या देणग्यांची रक्कम सुमारे तीन हजार पौंड होती. देणाऱ्यांमध्ये गुलामांचे मालक होते. कापसाच्या मळ्यांत ज्यांच्या पाठीवर चाबूक उठत होता त्या काळ्या माणसांच्या घामाचा तो पैसा होता. १८४५ मध्ये फ्रेडरिक डग्लस नावाचा तरुण अमेरिकेतून ब्रिटनला आला. तो स्वतः पळून आलेला गुलाम होता आणि कायद्याने तेव्हाही कोणाच्या तरी मालकीची वस्तू होता. १८४६ मध्ये तो स्कॉटलंडभर हिंडला. डंडी, आर्ब्रोथ, एडिंबरो अशा गावोगावी त्याच्या सभा झाल्या आणि प्रत्येक सभेत मागणी एकच, ‘पैसे परत करा!’ रस्त्याकडेच्या फरशांवर मोठ्या अक्षरांत ही घोषणा लिहिली गेली. स्कॉटलंडमधली पोरेसोरेही ती ओरडू लागली.

फ्री चर्चने काय उत्तर दिले? चामर्स हा विद्वान माणूस, गरिबांच्या वस्तीत काम केलेला माणूस. त्याने असा युक्तिवाद केला की गुलामगिरी ही व्यवस्था वाईट आहे, पण त्या व्यवस्थेत सापडलेला प्रत्येक मालक वाईट ख्रिस्ती असतोच असे नाही. म्हणून त्याच्याशी धर्मसंबंध तोडता येणार नाहीत. वाचकहो, हा युक्तिवाद कुठे ऐकल्यासारखा वाटतो का? अस्पृश्यता वाईट, पण वर्णव्यवस्था चांगली. जात वाईट, पण जात पाळणारा आपला शेजारी मनाने भला. आपण हे ऐकत ऐकत म्हातारे झालो. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना बोलावले आणि भाषणाचा मसुदा वाचल्यावर परिषदच गुंडाळली, तेव्हा तरी दुसरे काय घडले? व्यवस्थेला शिव्या द्या, पण तिच्या शास्त्राला आणि तिचे खाणाऱ्याला हात लावू नका, ही अट सगळीकडे सारखीच असते.

पैसे परत गेले नाहीत. जे चर्च जमीनदाराचा पाळक घ्यायला तयार नव्हते, त्याने गुलामाच्या मालकाचे पौंड ठेवून घेतले. पाळक निवडण्याचे स्वातंत्र्य हा आपला प्रश्न होता. माणूस म्हणून जगण्याचे स्वातंत्र्य हा दुसऱ्याचा प्रश्न होता. यात पाद्र्यांचीच काय ती चूक, असे आम्ही म्हणणार नाही. चळवळीतल्या माणसालाही हा आजार होतो.

अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियनांचे कागद तर याहून बोलके आहेत. १८१८ मध्ये त्यांच्या जनरल असेंब्लीने गुलामगिरी म्हणजे मानवी हक्कांचा घोर भंग असा ठराव केला. ठराव उत्तम होता, पण ठरावाखाली काम काहीच नव्हते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या आणि जेम्स हेन्ली थॉर्नवेल नावाच्या त्यांच्या पंडिताने जगातल्या सर्व चर्चांना उद्देशून एक निवेदन लिहिले. त्याचा गाभा असा की चर्च हे आत्म्याच्या कामासाठी आहे. गुलामगिरी ठेवायची की काढायची हा राज्याचा प्रश्न आहे, चर्चने त्यात पडू नये. बघा, सिद्धांत किती सोवळा आहे! ‘धर्मात राजकारण आणू नका’ असा उपदेश आम्हाला जेव्हा जेव्हा झाला, तेव्हा तेव्हा उपदेश करणाऱ्याच्या ताटात काय वाढलेले आहे ते पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. आणि त्याच पंथात हेन्री हायलँड गार्नेट हाही होता. तो गुलामगिरीतून सुटलेला काळा प्रेस्बिटेरियन पाळक. १२ फेब्रुवारी १८६५ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या दालनात तो बोलायला उभा राहिला, आणि तिथे प्रवचन देणारा तो पहिला काळा माणूस ठरला. एकाच चोपडीतून थॉर्नवेलने साखळी काढली आणि गार्नेटने हातोडा.

१८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ते अर्पण थॉर्नवेलला नाही, चामर्सलाही नाही. फ्री चर्चच्या शाळेत शिकलेला हा माळ्याचा मुलगा फ्री चर्चमध्ये गेला नाही. त्याने मिशनऱ्यांचे उपकार उघडपणे मानले, त्यांच्या शाळेत काही काळ शिकवलेही; पण २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्वतःचा सत्यशोधक समाज काढला, ज्यात माणूस आणि निर्मिक यांच्यामध्ये भट नाही, पाद्रीही नाही. आणि १९४६ मध्ये, डग्लसच्या त्या दौऱ्याला बरोबर शंभर वर्षे झाली असताना, बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत मागवली. धागा सलग आहे, फक्त तो आपण शोधला पाहिजे.

आता खानदेशाकडे येऊ. इथे स्कॉटिश पाद्र्यांचे मोठे ठाणे नव्हते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला, १८२५ पासून धरणगावला औट्रमने भिल्लांची पलटण उभी केली, सरकार डोंगरात पोहोचले. मिशन मात्र बराच काळ वेशीवरच थांबले. प्रेस्बिटेरियनांचे लक्ष मुंबई, पुणे, नागपूर आणि पुढे निजामाच्या हद्दीतले जालना इथे होते. विलायतेहून आलेल्यांचे पहिले धोरण कलकत्त्याच्या अलेक्झांडर डफने घालून दिले होते. इंग्रजी कॉलेज काढायचे, ब्राह्मण आणि वरच्या जातीची मुले शिकवायची, वरून धर्म झिरपत खाली येईल. मुंबईच्या विल्सननेही शाळा-कॉलेज काढले. या विल्सनने जातीवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये छापला गेला. ग्रंथ जातीवर, पण शाळेतल्या बाकांवर बहुतेक कोण बसले ते सांगायला नको. जालन्याला १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींनी काम केले, बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. त्या गावात आलेली माणसे मुख्यतः महार-मांग. शेषाद्रींनी घर, जात, आप्त सगळे गमावले. त्या त्यागाबद्दल आम्हाला आदर आहे. तरी मराठी चर्चच्या पहिल्या पिढीतली मोठी नावे घ्या. शेषाद्री, नीळकंठशास्त्री गोरे, नारायण वामन टिळक. पाळक कुठून आले आणि मेंढरे कुठून आली हे उघड दिसते.

खानदेशात, म्हणजे भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या पट्ट्यात, जे आले ते अमेरिकेचे ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’. मामांच्या आजोबांना बाप्तिस्मा देणारे तेच. पश्चिम खानदेशात, धुळे-नंदुरबार-नवापूरकडे भिल्ल, मावची, कोकणी समाजात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने विसाव्या शतकाच्या आरंभापासून काम केले. यांपैकी कोणी स्वतःला प्रेस्बिटेरियन म्हणवत नाही. पण अलायन्सचा संस्थापक ए. बी. सिम्प्सन हा मुळात कॅनडाचा प्रेस्बिटेरियन पाळक होता. त्याने तो पंथ का सोडला ही हकीकत मामांनी आम्हाला सांगितली आणि मग आम्ही ती पडताळून पाहिली.

सिम्प्सन न्यूयॉर्कला एका प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन चर्चचा पाळक झाला. बंदरावर उतरणारे गरीब इटालियन मजूर त्याच्या प्रवचनाला येऊ लागले. सुमारे शंभर जण मंडळीत सामील व्हायला तयार झाले. आता सिद्धांताप्रमाणे पाहिले तर याहून आनंदाची गोष्ट कोणती? पण मंडळीच्या निवडून आलेल्या वडिलांनी सुचवले की या लोकांना दुसरीकडे कुठे तरी पाठवलेले बरे. १८८१ मध्ये सिम्प्सनने राजीनामा दिला. पगार सोडून त्याने बाहेर गरिबांसाठी सभा सुरू केली, तिच्यातून अलायन्स उभे राहिले आणि तिचे प्रचारक आपल्या तापी-पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत आले. म्हणजे न्यूयॉर्कच्या चर्चमधल्या ‘शिवाशिवी’मुळे भुसावळला चर्च झाले असे म्हणायला हरकत नाही!

या हकीकतीतून एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ते वडील कोणी नेमलेले नव्हते, रीतसर निवडलेले होते. मतदान होते, ठराव होते, इतिवृत्त होते. तरी शंभर मजुरांना दारातून परत पाठवायची बुद्धी झाली. कारण मत देणारे सगळे एकाच थरातले. घटना समितीत बाबासाहेबांनी जो इशारा दिला होता, की राजकीय समतेखाली सामाजिक विषमता राहिली तर लोकशाहीचा डोलारा टिकणार नाही, त्याचे हे एका देवळापुरते उदाहरण झाले.

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही; महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या पाचव्या खंडात तो वाचायला मिळतो. त्यात त्यांचा सवाल असा की मिशनांनी कॉलेजे आणि दवाखाने यांवर जो पैसा ओतला त्याचा लाभ मुख्यतः वरच्या जातीच्या हिंदूंनी घेतला; ख्रिस्ती झालेले बहुसंख्य अस्पृश्य होते, त्यांच्या वाट्याला काय आले? दुसरा सवाल धर्मांतरितांना. धर्म बदलला, मग अन्यायाविरुद्ध उभे का राहत नाही? १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेत त्यांनी हे तोंडावर सांगितले. ख्रिस्ताबद्दल आदर राखून सांगितले. ज्यांना बाबासाहेब फक्त हिंदू धर्माचे टीकाकार वाटतात त्यांनी ती पाने वाचावीत.

मामांना आम्ही ती पाने वाचून दाखवली. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, “बरोबर लिहिलंय. आमचा पगारी पाळक मिशनचा, जमीन मिशनची, शिक्का मिशनचा. आम्ही फक्त गाणारे. मिशनवाले गेले तेव्हा आमच्या हातात आलं ते भांडण.” प्रेस्बिटेरियनांच्या मिशनशास्त्रात चीनमध्ये काम केलेल्या जॉन नेव्हियसचे एक पुस्तक आहे. मंडळीने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या माणसांनी, स्वतःच्या कारभाराने चालावे, असे तो सांगतो. १८९० मध्ये त्याने कोरियाच्या मिशनऱ्यांना हे समजावले आणि तिथले चर्च स्वतःच्या पायावर उभे राहिले. आपल्याकडे मिझोराममध्येही प्रेस्बिटेरियन चर्च तसेच लोकांचे आहे. महाराष्ट्रात तो मंत्र पुस्तकातच राहिला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. दीक्षाभूमीच्याच शहरात, दीक्षेनंतर चौदा वर्षांनी. त्यात उत्तर भारतातले प्रेस्बिटेरियन सामील झाले आणि ज्या बिशपविरुद्ध त्यांच्या पूर्वजांनी तीनशे वर्षे लढाई केली तो बिशप त्यांनी मान्य केला.

मामांचा दुसरा घाव कायद्याचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आले, बौद्धांना केंद्राच्या यादीत यायला १९९० उजाडले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हटले, २०२२ मध्ये केंद्राने न्या. बालकृष्णन आयोग नेमला. आमच्या आजोबाचा पणतू आणि मामांच्या आजोबाचा पणतू एकाच शाळेत गेले, एकाच शिव्या ऐकल्या. दाखला मात्र एकालाच. आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, त्यांना दिले तर आमचा वाटा कमी होईल. हा चिंतेचा विषय आहे हे आम्ही नाकारत नाही, वाट्याची मर्यादा वाढवून मागता येते. पण ‘आमची मुक्ती झाली, त्यांचे ते पाहतील’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्या तीन हजार पौंडांची आठवण ठेवावी.

आणि तो निवडणुकीचा प्रश्न. मामांना आम्ही ऐटीत सांगितले की, लोकशाही आम्हाला स्कॉटलंडकडून शिकायची गरज नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले आहे की भिक्खुसंघाला बैठकीचे नियम, ठराव, गणपूर्ती, शलाका वाटून मतदान हे सगळे ठाऊक होते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे! शिवाय बुद्धाने भिक्खुणी संघ स्थापन केला, आणि चर्च ऑफ स्कॉटलंडला स्त्रियांना ‘वडील’ करायला १९६६ साल लागले. मामा हसले. “मग शलाका कुठं ठेवल्यात?”

आमच्या वस्तीतल्या विहाराची वर्गणी दर वर्षी एप्रिलमध्ये गोळा होते. पावत्या फाडल्या जातात. अध्यक्ष तेच आहेत, आमच्या लग्नाच्या वेळी होते तेच. हिशेबाची वही आहे असे सगळे म्हणतात. उपासिका दर पौर्णिमेला झाडलोट करतात, खीर करतात. कमिटीच्या फलकावर त्यांचे एकही नाव नाही. गेल्या महिन्यात आम्ही लेखी अर्ज दिला की सर्वसाधारण सभा बोलवा, वही मांडा, निवडणूक घ्या. एक कार्यकर्ता म्हणाला, “तुम्ही समाजात फूट पाडता.” दुसऱ्याने विचारले, “हे तुम्हाला त्या पाद्र्याने शिकवलं का?”

अर्जाची पोच आमच्याकडे आहे. तिच्यावर सात बायकांच्या आणि अकरा पुरुषांच्या सह्या आहेत. सभेची तारीख अजून कळलेली नाही.